खेळायचं नाही, नुसतं लिहायचं

आमच्या घरातल्या मोठ्या घोषणा रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळी होतात. तेव्हा सगळ्यांची तोंडं भरलेली असतात आणि घोषणा करणाऱ्याला दोन वाक्यं पुरी बोलायला मिळतात. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्याचं मी असंच सांगितलं होतं. चिरंजीवांनी बापाचा कित्ता गिरवला. बारावीची परीक्षा संपून आठवडा झाला होता. दुसऱ्यांदा पोहे वाढून झाले, ही जिलबीचा पुडा सोडत होती, आणि तो म्हणाला, "मला क्रीडा पत्रकार व्हायचंय."

पहिला प्रश्न आजीचा. आजी म्हणजे माझी आई. वय ८१, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

"म्हणजे तू खेळणार नाहीस?"

"नाही आजी. बघणार आणि लिहिणार."

"आणि खेळणारे खेळून घरी गेले की?"

"तेव्हाच तर खरं काम सुरू होतं."

"म्हणजे रात्रीचं जागरण," आजी म्हणाली आणि जिलबी उचलली. क्रीडा पत्रकारितेची इतकी नेमकी व्याख्या मला पुढे एकाही माहितीपुस्तिकेत सापडली नाही, आणि पुढच्या दोन महिन्यांत मी माहितीपुस्तिका रद्दीवाल्याने वजनावर घ्याव्यात इतक्या वाचल्या.

हिचा प्रश्न एकच होता, पगार किती. त्याचं उत्तर चिरंजीवांकडे नव्हतं, म्हणून विषय कॉलेजवर गेला. आमच्याकडे उत्तर नसलं की कॉलेज शोधतात.

कॉलेज निवडणं हे काही एकट्या मुलाचं काम नव्हे. ते नातेवाईकांचं. आमचं घर रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं. आजोबा नागपूरहून बदलीवर आले तेव्हा रायपूर नागपूरच्याच हाताखाली होतं. १९५६ साली ते भोपाळकडे गेलं, २००० साली स्वतःच राजधानी झालं. आजोबांच्या घराने जागा सोडली नाही, राज्यं मात्र तीन पाहिली. बाकीचे नातेवाईक महाराष्ट्रात राहिले, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे आम्ही अजून बदलीवरच आहोत. ऑर्डर आली की परत येऊ. त्यामुळे मुलगा शिकायला 'तिकडेच' येणार यात कुणाला शंका नव्हती. वाद होता तो तिकडे म्हणजे कुणाकडे, एवढाच.

पुण्याच्या आत्याचं मत फोन लागायच्या आधीच तयार होतं. "पत्रकार व्हायचं तर रानडे इन्स्टिट्यूट. १९६४ पासूनचं आहे." आत्याचा अधिकार असा, की तीस वर्षं ती फर्ग्युसन रस्त्यावरून रोज त्या फाटकासमोरून बँकेत गेली. मराठी वर्तमानपत्रात खेळाला स्वतःचं पान मिळवून दिलं ते वि. वि. करमरकरांनी, मराठी समालोचन घराघरांत नेलं ते बाळ ज. पंडितांनी, आणि ही सगळी परंपरा 'इकडची' आहे, असं तिने सांगितलं. यात खोटं काही नव्हतं. मग तिने भाच्याची तोंडी परीक्षा घेतली. "एखाद्या सामन्याचं वर्णन करून दाखव बघू."

चिरंजीव सुरू झाले. "भारताने टॉस जिंकून पहिले बॅटिंग केली. रोहितने दोन छक्के मारले, आणि मग तो पगबाधा झाला."

फोनवर शांतता. मग आत्याचा काळजीचा आवाज. "बाधा? कुणाची बाधा?"

"पायचीत, आत्या, पायचीत!" मी मागून ओरडलो.

आत्याचं काही चुकलं नाही. हिंदी वर्तमानपत्रांनी एलबीडब्ल्यूसाठी काढलेला पगबाधा हा शब्द मलाही अमावास्येला लिंबू उतरवण्यासारखा वाटतो. पण खरा घोळ तिथेच आहे, आणि माहितीपुस्तिकेत तो कुणी छापत नाही. आमचा मुलगा घरात मराठी बोलतो, तेही 'येऊन राहिलो, जाऊन राहिलो'चं. शाळेत हिंदी, मित्रांत छत्तीसगढी, आणि टीव्हीवरचं समालोचन इंग्रजीत ऐकतो. झेल, यष्टी, निर्धाव षटक हे शब्द त्याला समजतात, पण त्याच्या तोंडून ते आले की शाळेतल्या भाषणाचे वाटतात. फलंदाज बाद झाला हे तो चार भाषांत सांगू शकतो आणि चारही ठिकाणी कुणीतरी त्याचं व्याकरण सुधारतं. त्याने कुठल्या कॉलेजात जावं याआधी त्याने कुठल्या भाषेत जागरण करावं हे ठरायला हवं होतं. ते आम्ही ठरवलं नाही, कारण तेवढ्यात नागपूरच्या मामांचा फोन आला.

मामांचं म्हणणं सरळ होतं. "पोट्ट्याले इथं पाठवून दे. हिस्लॉपमध्ये १९५०च्या दशकापासून पत्रकारिता शिकवून राहिले. राहायचं आपल्याकडे, खायचं आपल्याकडे." मामांकडे राहण्याचा अनुभव मी इंजिनीअरिंगच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी घेतला आहे. त्या तीन आठवड्यांत मी दळणाचे डबे, गॅसची रांग आणि मामांच्या मुलीचा भूगोल एवढ्या तीन गोष्टी पुऱ्या केल्या. परीक्षा राहिली.

सगळ्यात अवघड प्रकरण भिलाईचे मोठे काका. उभा जन्म पोलाद कारखान्यात काढलेले. त्यांनी आवाज न चढवता, चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "हर्षा भोगले काय शिकला?" हैदराबादच्या मराठी घरातला मुलगा, उस्मानिया विद्यापीठातून केमिकल इंजिनीअर, मग अहमदाबादचं आयआयएम. "आणि द्वारकानाथ संझगिरी?" व्हीजेटीआयचे सिव्हिल इंजिनीअर, नोकरी मुंबई महापालिकेत, आणि लेखणी क्रिकेटच्या मैदानात. काका मागे रेलले. "म्हणजे काय, आधी इंजिनीअर हो. मग हवं तर लिही. इंजिनीअरला लिहिता येतं. पत्रकाराला पूल बांधता येतो का?"

आम्ही सगळे गप्प. हा युक्तिवाद खोडून काढण्याजोगा नव्हता, कारण दोन्ही उदाहरणं खरी होती. चिरंजीवांनी एक क्षीण प्रयत्न केला. "काका, मला गणितात ४७ आहेत." काका म्हणाले, "तर मग महापालिका सोड. पण बघ."

त्यानंतर दिल्लीचं आयआयएमसी निघालं आणि त्याची अमरावतीची शाखा निघाली. हिने अमरावतीला लगेच पसंती दिली, तिथे तिची मावसबहीण आहे. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थाही निघाली. १९५७ची जुनी संस्था, तिथे क्रीडा व्यवस्थापन आणि क्रीडा पत्रकारितेचा विभागही आहे हे ऐकून मुलगा उडालाच. पण नावात 'शारीरिक शिक्षण' दिसताच आजीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. क्रिकेटची बॅट घेऊन तो वर येतो तेव्हा बॅट आधी दारात टेकते आणि हा जिन्यातच टेकलेला असतो.

असे पंधरा दिवस कुटुंबात उभी फूट पडून, आत्या आणि मामांचं बोलणं बंद होण्याच्या बेतात असताना, चिरंजीवांनी एका संध्याकाळी शांतपणे सांगितलं की रानडेत एमए करायचं तर आधी पदवी लागते. आयआयएमसीलाही. म्हणजे आम्ही ज्या गाडीच्या खिडकीच्या जागेसाठी भांडत होतो ती तीन वर्षांनी सुटणार होती.

"तुला हे कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. तुम्ही लोक बोलत होतात, मध्ये कसं बोलणार?"

रायपुरातल्या खासगी कॉलेजांना हे बरोबर कळतं. बारावीचा पेपर संपायच्या आत त्यांच्याकडे मुलांचे फोन नंबर कसे पोचतात हा शोधपत्रकारितेचा उत्तम विषय आहे, पण तो कुठलंही कॉलेज मुलांना देणार नाही. रोज सकाळी नवाच्या ठोक्याला एक गोड आवाज यायचा. "सर, आपके बेटे के लिए एक सीट होल्ड पे रखी है." ती सीट बिचारी इतके दिवस होल्डवर होती की शेवटी मलाच तिची दया आली. आम्ही स्कूटरवर बसून नव्या रायपूरच्या बाजूला गेलो. कॉलेजचं नाव सांगत नाही.

काउन्सेलर मॅडमनी आधी पाणी दिलं, मग फाइल दिली, मग स्टुडिओ दाखवला. हिरवा पडदा, दोन दिवे, आणि एक कॅमेरा. त्याच्यावरचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं, आमच्या घरी सोफ्यावरचं पाहुण्यांसाठी राखून ठेवतात तसं. "सर, हंड्रेड परसेंट प्लेसमेंट." मी तीस वर्षं ऑडिट केलं आहे. शंभर टक्के हा आकडा दिसला की माझं पेन आपोआप बाहेर येतं.

"क्रीडा पत्रकारिता वेगळी शिकवता का?" मी हिंदीत विचारलं.

"बिलकुल सर. हमारे यहाँ हर साल स्पोर्ट्स डे होता है."

चिरंजीवांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मॅम, ग्राउंड कुठे आहे?"

मॅडमनी खिडकीबाहेर हात केला. मोठं मैदान होतं, खोटं कशाला बोलू. त्यावर लग्नाचा मांडव पडला होता आणि केटररचे दोन टेम्पो बरोबर पिचवर उभे होते. "सीझन में थोड़ा किराए पे देते हैं," मॅडम म्हणाल्या. आमचा मुलगा वाकून टेम्पोची चाकं बघत राहिला. "ऑफ स्टंपच्या बाहेर खड्डा पडलाय," तो मला मराठीत म्हणाला, "ऑफस्पिनरची चांदी आहे."

परतताना परसद्याला शहीद वीर नारायण सिंह स्टेडियम लागलं. मी स्कूटर थांबवली. उसाचा रस घेतला. या मैदानाने आमच्या घराला बरंच काही दिलंय. २१ जानेवारी २०२३ला इथे पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला तेव्हा आम्ही दोघे आत होतो. रोहित शर्मा नाणेफेक जिंकला आणि आपण काय करायचं ठरवलं होतं तेच विसरला. कपाळाला हात लावून आठवत उभा. मग म्हणाला, गोलंदाजी. न्यूझीलंड १०८ धावांत आटोपलं आणि भारत आठ गडी राखून जिंकला. मी घरी आल्यावर सगळ्यांना १०८ सांगत होतो, कारण आकडा शुभ आहे. मुलगा सगळ्यांना ते विसरणं सांगत होता. हिने पुढे महिनाभर कुणी भाजी आणायची विसरलं की 'रोहित झाला' म्हणायची पद्धत पाडली.

त्याच वर्षी १ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाशी टी-ट्वेंटी. सामन्याच्या तोंडावर बातमी फुटली की स्टेडियमचं ३ कोटी १६ लाखांचं वीजबिल थकलंय, जोडणी २०१८मध्येच कापलेली, आणि प्रकाशझोत जनरेटरवर पेटणार. भारत २० धावांनी जिंकला. त्या दिवसाच्या दोन बातम्यांपैकी कुठली मोठी, यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर वाद झाला होता. रस पिता पिता मुलाने तोच विषय काढला.

"बाबा, वीजबिलाची बातमी कुठल्या पानावर हवी?"

"शहर पानावर. तो पालिका, वीजमंडळ असा मामला आहे."

"खेळाच्या," तो म्हणाला. "दिवे गेले असते तर मॅच शहर पानावर झाली असती का?"

बिल म्हणजे माझा प्रांत, आणि त्यातच हा मला शिकवून गेला. मी रसाचे पैसे दिले.

इतक्या भवति न भवतीत एक नाव कुणीच काढलं नव्हतं. रायपुरातच, काठाडीहला, २००५ साली स्थापन झालेलं पत्रकारितेचं आख्खं विद्यापीठ आहे. घराजवळचा देव आणि घराजवळचं कॉलेज, दोन्हीकडे कुणी नवस बोलत नाही. नाव कुशाभाऊ ठाकरे पत्रकारिता आणि जनसंचार विद्यापीठ. आत्याला सांगितलं तर तिने आधी विचारलं, "हे बाळासाहेबांचे कोण?" कुणी नव्हेत. हे धारचे, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. पण मराठी नाव ऐकून आत्या बरीच मवाळ झाली.

मग २०२०ची गोष्ट निघाली. तेव्हाच्या सरकारने विद्यापीठाला चंदूलाल चंद्राकर यांचं नाव द्यायचं ठरवलं, विधानसभेत विधेयकही झालं, पण पाटी बदलली नाही. त्या वादात कोण बरोबर यात मला पडायचं नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन्ही पक्ष बसतात. मला गंमत वेगळ्याच गोष्टीची वाटली. दुर्ग जिल्ह्यातल्या निपानी गावचा हा माणूस पुढे खासदार आणि केंद्रीय मंत्री झाला हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो आधी 'हिंदुस्तान' दैनिकाचा पत्रकार आणि संपादक होता, आणि त्याने नऊ ऑलिम्पिकचं वार्तांकन केलं होतं. नऊ! भिलाईच्या काकांना मी हे मुद्दाम फोन करून सांगितलं. त्यांच्या घरापासून निपानी काही लांब नाही.

"इंजिनीअर होता का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग मंत्री व्हावं लागलं बघ."

आता माझ्यातही हुरूप आला. मी घरच्यांना माधवराव सप्रे ऐकवले. पथरियात जन्मलेला मराठी माणूस, रायपुरात शिकलेला, पेंड्र्याला राजकुमाराचा शिक्षक. त्याने जानेवारी १९००मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढलं. या भागातली पत्रकारिता तिथून मोजतात. टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं तेही यांनीच. घरात मराठी, कागदावर हिंदी, म्हणजे आमच्याच मुलासारखा घोळ, आणि त्याने कुणाचंच काही अडलं नाही. ही मन लावून ऐकत होती. मला वाटलं, जिंकलो.

"आणि ते मासिक कसं चाललं?" तिने विचारलं.

तीन वर्षांत तोट्यात जाऊन बंद पडलं, हे मी जरा हळू आवाजात सांगितलं.

"हं," ती म्हणाली, आणि उठून कुकर लावला.

शेवटी मी ठरवलं की कॉलेज मरू दे, याला लिहिता येतं का ते तरी बघू. रविवारी संध्याकाळी आमच्या मागच्या पटांगणावर पुढची गल्ली विरुद्ध मागची गल्ली असा टेनिस बॉलचा सामना होता. आठ-आठ षटकांचा. "जा, बघ आणि नऊ वाजेपर्यंत दीडशे शब्द दे," मी सांगितलं. नऊला दहा मिनिटं कमी असताना त्याने वहीची पाच पानं माझ्यासमोर ठेवली. सुरुवात अशी होती की सूर्य पाण्याच्या टाकीमागे रक्तबंबाळ होऊन कलला होता. दुसऱ्या पानावर पटांगणाचा इतिहास. तिसऱ्यावर पुढच्या गल्लीच्या कप्तानाची चालण्याची ढब, ती मात्र झकास उतरली होती. तो मुलगा पॅंट वर ओढत रनअप घेतो. पाचव्या पानाच्या तळाशी तिन्हीसांज झाली आणि लेख संपला.

"टोटल कुठाय?" मी विचारलं.

"काय?"

"स्कोअर. कोण जिंकलं?"

"तेच तर ठरलं नाही ना." मग तोंडी हकीकत बाहेर पडली. शेवटच्या षटकात नऊ धावा हव्या होत्या. फटका गेला तो डॉक्टरांच्या गच्चीवर. मारणारा म्हणे सहा, बाकीचे म्हणे गच्ची म्हणजे आउट, हा नियम मागच्या दिवाळीपासून आहे. भांडण पेटलं. बॅट ज्याची होती त्याने बॅट उचलली आणि तो घरी गेला. सामना तिथेच मोडला.

"अरे, मग ही बातमी आहे!" मी ओरडलो. "१९४८ साली पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ होते. ब्रॅडमनच्या ४५२ला नऊच धावा कमी. आणि काठियावाडचा संघ सामना सोडून चालता झाला. पाऊणशे वर्षं झाली, लोक अजून सांगतात. तुझ्याकडेही नऊच धावा आहेत आणि तू सूर्य कसला लिहितोस?"

त्याने वही ओढली. मी लाल पेन दिलं. ऑडिटची सवय आहे, खोडण्यात माझा हात धरणारा नाही. पाच पानांचं अर्धं पान झालं. पहिल्याच ओळीत नऊ धावा, गच्ची आणि बॅट. कप्तानाची पॅंट मी राहू दिली. घड्याळात साडेनऊ. हिच्या पोळ्या झाल्या होत्या, टेबलावर काठाडीहचा फॉर्म पडला होता, त्यावर सकाळच्या पोह्यांच्या तेलाचा डाग. पदवी इथे, मग पुढचं पुण्याला की अमरावतीला ते नंतर, इथपर्यंत तह झाला होता. आजीने चष्मा लावला आणि ते अर्धं पान मोठ्याने वाचलं. 'पायचीत' जिथे होतं तिथे त्याने खरोखरच 'पायचीत' लिहिलं होतं.

"छान," आजी म्हणाली. "पण चेंडूचं काय झालं?"

"चेंडू?"

"गच्चीवर गेला ना? मग? मिळाला का?"

चिरंजीवांनी माझ्याकडे बघितलं. मी आजीकडे. तीस वर्षं ऑडिट केलं, हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्याने वही काखेत मारली, चपला घातल्या आणि तो जिना उतरून गेला. ही म्हणाली, "अहो, एवढ्या रात्री डॉक्टरांकडे?" कुणी उत्तर दिलं नाही. पोळ्या गार होत होत्या.

अर्ध्या तासाने जिन्यात धाप ऐकू आली. दारातच टेकून, श्वास सापडायची वाट न बघता तो बोलायला लागला.

"गच्चीवर सात चेंडू आहेत. त्यातले दोन सीझनचे. डॉक्टरकाका म्हणाले, गच्ची म्हणजे आउट असा नियम त्यांना कुणी विचारलाच नव्हता, त्यांच्याकडून सहा. आणि आई, टाकीमागे एक बॅडमिंटनची रॅकेट आहे. दांड्याला निळी पट्टी. आपलीच आहे."

"निळी पट्टी?" ही पोळपाट सोडून बाहेर आली. "चार वर्षं शोधतेय मी ती! आणलीस का?"

"नाही. मी फक्त लिहून घेतलं."

"आधी रॅकेट घेऊन ये," ती म्हणाली, "मग काय लिहायचं ते लिही."